वणवा विझवणारी माणसं एरवी काय करतात?

आयोजकांनी हा विषय सुचवला तेव्हा आम्ही आधी जरा हसलोच. कारण एरवी आम्ही तेच करतो जे तुम्ही करता. आमच्या गटात एक रिक्षा चालवणारे दादा आहेत, दोघं बँकेतले, शिवणकाम करणाऱ्या एक ताई, कॉलेजची पाच-सहा पोरं आणि निवृत्त झालेले एक मास्तर. पगार कुणालाच नाही. पुण्याच्या आजूबाजूच्या डोंगरांवर फेब्रुवारी ते मे या दिवसांत आग दिसली की जायचं, एवढंच आमचं एकत्र काम.

पहिला प्रश्न लोक हाच विचारतात, की अग्निशमन दल असताना तुम्ही कशाला? त्याचं उत्तर सोपं आहे. बंब डांबरी रस्ता संपतो तिथं थांबतो. पुढं डोंगर, आणि डोंगरावर उन्हाळ्यात प्यायलाच पाणी नसतं तर आगीवर कुठून मारणार? वनखात्याचे वनरक्षक असतात, पण एकेकाकडे केवढं तरी मोठं क्षेत्र. म्हणून गावातली नाहीतर शहरातली चार माणसं हाताशी असली तर त्यांनाही बरं वाटतं.

आता पाण्याशिवाय आग विझते कशी, ते सांगतो. आगीला तीन गोष्टी लागतात: जळायला काहीतरी, हवा आणि उष्णता. यातली एक काढली की झालं. आम्ही पहिल्या दोन काढतो. हिरवी डहाळी तोडायची, निर्गुडीची किंवा जी जवळ मिळेल ती, आणि गवताच्या ज्वाळेवर दाबून जळलेल्या बाजूला झाडल्यासारखी ओढायची. नवखा माणूस हमखास डोक्यावरून फांदी आपटतो. त्यानं ठिणग्या उडतात आणि पलीकडच्या सुक्या गवतात नवी आग लागते. म्हणजे विझवायला आलेला लावून जातो! हल्ली पालापाचोळा उडवायचे ब्लोअरही वापरतात. पाठीवर आठ-दहा किलोचं ओझं होतं, पण काम झपाट्यानं होतं. वाऱ्याच्या झोतानं पाला बाजूला सरकतो, खालची माती उघडी पडते आणि आग तिथं येऊन उपाशी मरते.

आग लागल्याचं कळतं कसं? पूर्वी कुणाच्या तरी गच्चीवरून धूर दिसायचा. आजही निम्म्या वेळा तसंच कळतं. पण भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांवरून आगीच्या सूचना पाठवते आणि तुम्ही-आम्हीही तिथं नाव नोंदवून त्या मोबाइलवर मिळवू शकतो. त्यातलं एक उपकरण जमिनीकडे ३७५ मीटरच्या चौकोनांत पाहतं. गंमत अशी, की उपग्रह वरून जातो ठरावीक वेळेला. साधारण दुपारी दीडच्या सुमाराला आणि पुन्हा रात्री. संध्याकाळी पाचला कुणी काडी टाकली, तर उपग्रहाआधी गुराख्यालाच कळतं. वनखात्याचा १९२६ हा फोन क्रमांकही आहे, तो पाठ करून ठेवा.

आमचा दिवस म्हणाल, तर मार्च महिन्यात तो संध्याकाळी सुरू होतो. सहा-साडेसहाला ग्रुपवर फोटो येतो, 'खिंडीच्या डाव्या बाजूला धूर'. मग 'निघालो', 'दहा मिनिटं', 'मी सासुरवाडीत, येऊ शकत नाही'. चार माणसं झाल्याशिवाय कुणी चढायचं नाही, हा नियम. पिशवी गाडीला कायम अडकवलेली. त्यात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, जाड पँट, डोक्याला लावायची बॅटरी, कोयता, पंचा, दोन लिटर पाणी आणि गूळ-शेंगदाणे. सुतीच का? कारण पॉलिस्टर आगीजवळ वितळतं आणि कातडीला चिकटतं. बूट चामड्याचे. भारीतल्या स्पोर्ट शूजचा तळ गरम राखेत सुटलेला आम्ही पाहिलाय, आणि तो इसम एका पायात बूट, दुसऱ्या पायाला पंचा गुंडाळून उतरला.

रात्र झाली की हवा थंडावते, वारा पडतो, आग मऊ होते. म्हणून खरं काम सात ते अकरा. ज्वाळा विझल्या तरी वाळलेले ओंडके आतून धुमसत राहतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करून घरी आलो, तर दुसऱ्या दिवशी दुपारी वाऱ्यानं पुन्हा पेटतं. मास्तरांचं हेच काम. ते प्रत्येक ओंडक्यावर माती लोटतात, पाचोळा बाजूला करतात आणि सगळ्यांच्या मागून खाली येतात. घरी यायला बारा वाजतात. सकाळी ऑफिसात जांभया. एकदा तर तेच कपडे घालून लग्नाला जावं लागलं. पंगतीत शेजारचे काका म्हणाले, "आचारी का तुम्ही?"

आणि कुसळं! त्यांच्याबद्दल थोडं जास्त बोलू द्या, कारण ती नुसती मोज्यांची डोकेदुखी नाही. कुसळी गवताच्या बियांना लांब शेपटी असते. ती ओलावा लागला की पीळ सोडते, सुकली की पुन्हा पिळते, आणि असं करत बी स्वतःला जमिनीत खुपसून घेतं. वरून वणवा गेला तरी खालचं बी शाबूत. गुरांना आवडणाऱ्या गवतांचं आणि कोवळ्या रोपांचं तसं नसतं. म्हणजे दरवर्षी डोंगर जाळला, तर वाढते काय? कुसळी.

हे आम्ही एका म्हाताऱ्या बाबांना सांगायला गेलो होतो. ते म्हणाले, "आरं पोरांनो, आमचा बा लावायचा, त्याचा बा लावायचा. जाळल्यावर गवात कसं हिरवंगार येतं बघा." आता हे खोटं नाही. राखेनंतर पहिला पाऊस पडला की कोंभ लुसलुशीत दिसतात. पण त्याच पावसात उघडी पडलेली माती ओढ्याला जाते, हे दिसायला वर्षं लागतात. बाबांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि "बघू" म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांच्या बाजूचा डोंगर जळाला नाही. आमच्यामुळे की आणखी कशामुळे, देव जाणे.

कारणं जागोजागी वेगळी. विदर्भात मोहाची फुलं वेचताना खालचा पाला जाळतात, तेंदूला नवी पानं फुटावीत म्हणून जाळतात. कोकणात राब भाजताना आग बांधाबाहेर जाते. आमच्या भागात गवत, बिडी-सिगारेट आणि निव्वळ गंमत. फांद्या घासून आपोआप पेटलं, असं सांगणारे भेटतात, पण आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसानंच लावलेले असतात. भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे. त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, ती फारशी कुणाला ठाऊक नसते: ज्यांना जंगलात गुरं चारायची किंवा लाकूडफाटा घ्यायची मुभा आहे, त्यांनी आग विझवायला मदत करणं बंधनकारक आहे.

आता एक जड गोष्ट. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आम्ही सातजण एका उतारावर होतो. आग खालून वर चालली होती. दोन पोरं म्हणाली, आपण वर जाऊन तिला समोरून अडवू. आम्ही मोठे होतो, आम्ही नको म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. आग चढावर पळते. दर दहा अंश चढाला तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा हिशोब सांगतात. त्यात मध्ये एक घळ होती. घळ म्हणजे धुराडंच. वारा फिरला आणि ज्वाळा घळीतून सरळ वर गेल्या. पोरं बाजूला पळाली. एकाचा तोल गेला, दोन्ही तळहात निखाऱ्यांवर टेकले. परीक्षा तीन आठवड्यांवर होती, त्याला लेखनिक घ्यावा लागला. त्याची आई आम्हाला म्हणाली, "तुमचं डोंगराचं प्रेम माझ्या पोराच्या हातानं करू नका." आमच्याकडे उत्तर नव्हतं.

२०१८च्या मार्चमध्ये तमिळनाडूत थेनीजवळ कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून २० हून जास्त ट्रेकर गेले. ती बातमी आम्ही सगळ्यांनी वाचली होती. वाचलेली गोष्ट पायात उतरत नाही, हाच त्रास.

महिनाभर आम्ही कुठंच गेलो नाही. मग बसून ठरवलं. आगीच्या वर कधीही जायचं नाही. काम सुरू करायचं ते जळून गेलेल्या काळ्या जमिनीपासून, आणि ती पाठीशी ठेवायची, कारण तिथं पुन्हा जळायला काही नसतं. एकानं फांदी हातात न घेता फक्त वारा आणि परतीची वाट पाहायची. अठराच्या खालचं कुणी नको. अपघात विमा स्वतःच्या पैशानं काढायचा. तो मुलगा आजही येतो, पण वारा पाहायचं काम त्यानंच मागून घेतलंय.

१४ एप्रिलला आम्हाला अग्निशमन दिनाच्या शुभेच्छा येतात. तेव्हा अवघडल्यासारखं होतं. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टायकिन या जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ जवान गेले, त्यांचा तो दिवस. आम्ही फांद्या झोडणारी माणसं.

छंद? पावसाळ्यात आम्ही बिया गोळा करतो. बँकेतला एकजण टिटवीची घरटी मोजतो. टिटवी, चंडोल उघड्या जमिनीवर अंडी घालतात, तीही नेमकी वणव्याच्या दिवसांत. ताई सगळ्यांना जुन्या जीन्सचे पायमोजे शिवून देतात, घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचे, कुसळांसाठी. मास्तर पेटी वाजवतात. चढताना नाही, सुदैवानं.

समोरच्या ताईंनी विचारलंय, आम्हाला यायचं असेल तर? मार्चमध्ये येऊ नका, डिसेंबरमध्ये या. तेव्हा वनखात्याच्या परवानगीनं, त्यांची माणसं बरोबर घेऊन, जाळरेषा काढायचं काम असतं. गवताचे पट्टे साफ करून ठेवायचे, म्हणजे पुढं आग आली तर तिथं अडेल. त्यात हिरोगिरी काही नाही, पाठ दुखते आणि दुपारी भाकरी गोड लागते. दोन हंगाम ते केलं, की मग आगीवर नेतो. येताना चामड्याचे बूट आणा, आणि मोजे जुने घाला, कारण ते परत वापरता येणार नाहीत.