गरम हौसिंग, थंड ओढा

पावसाळ्यात ओढा ओलांडताना फोर-बाय-फोर गाडीच्या डिफरन्शियलमध्ये पाणी शिरतं, ते अनेकदा गाडी स्वतःच आत ओढून घेते म्हणून. घाट चढून आलेल्या गाडीच्या डिफरन्शियलचं हौसिंग, म्हणजे त्याचं बाहेरचं कवच, हाताला चटका बसेल इतकं तापलेलं असतं. आतली हवा समजा 80 अंश सेल्सिअसला आहे आणि ओढ्याच्या पाण्याने ती 30 अंशांवर आली. बंद जागेतल्या हवेचा दाब तिच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. 353 केल्व्हिनवरून 303 वर येताना तो सुमारे 14 टक्के घटतो. ही घट जवळजवळ दीड मीटर उंच पाण्याच्या स्तंभाच्या दाबाएवढी असते. पाणी गुडघाभरच असलं, तरी सीलवर ओढ बसते ती एवढी.

ही ओढ बसू नये म्हणूनच हौसिंगवर ब्रीदर असतो. त्यातून हवा आत-बाहेर होते आणि दाब सारखा राहतो. पण ब्रीदर चिखलाने बुजला, की आतल्या दाबाची घट भरून काढायला पाणी सीलच्या वाटेने येतं. ऑइल सीलची रबरी कड मुख्यतः आतलं तेल अडवण्यासाठी वळवलेली असते. उलट दिशेने येणाऱ्या पाण्यापुढे ती दुबळी पडते. आणि ब्रीदर मोकळा असूनही पाण्याखाली गेला, तर तोच पाणी ओढतो. म्हणून जाणकार मंडळी त्याला रबरी नळी जोडून तिचं तोंड इंजिनाजवळ उंचावर नेतात.

थोडंसं पाणी आत गेलं तर एवढं काय बिघडतं, हे कळायला आतलं काम पाहावं लागतं. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. तो फरक सांभाळणारी गिअरची रचना फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकर याने 1820 च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी केली. आजच्या डिफरन्शियलमध्ये इंजिनाची ताकद पिनियन या लहान गिअरकडून क्राऊन या मोठ्या गिअरकडे जाते. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने 1926 मध्ये हायपॉइड क्राऊन-पिनियन वापरात आणलं. त्यात पिनियन क्राऊनच्या मध्याच्या खाली बसतो, त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट आणि गाडीचा तळ खाली आणता आला. पण याची किंमत दातांना मोजावी लागली. हायपॉइडचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घासतही जातात, आणि तेही हजारो वातावरणांएवढ्या दाबाखाली.

एवढ्या दाबात साधं तेल दातांमधून पिळून निघतं. तिथे रसायनशास्त्र मदतीला येतं. गिअर ऑइलला जो उग्र वास असतो, तो त्यातल्या गंधकयुक्त संयुगांचा. दात घासून जिथे तापतात, तिथेच ही गंधक-फॉस्फरसची संयुगं लोखंडाशी संयोग पावतात आणि पोलादावर अतिशय पातळ थर धरतात. घासला जातो तो थर, दात वाचतो, आणि थर पुन्हा धरतो. या प्रक्रियेत संयुगं हळूहळू संपत जातात. तेल दिसायला चांगलं असूनही निकामी होऊ शकतं, ते यामुळे.

फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या संथ गिअरमध्ये, या थराची खरी कसोटी लागते. दात वेगाने फिरतात तेव्हा तेल त्यांच्यामध्ये ओढलं जाऊन जाडसर पडदा तयार होतो. खड्या चढावर गाडी मुंगीच्या पावलांनी चढते, तेव्हा वेग सर्वांत कमी आणि भार सर्वांत जास्त असतो. तेलाचा पडदा विरतो आणि सगळी मदार रासायनिक थरावर येते. अशा वेळी तेलात पाणी असेल तर वंगण तुटतं, संयुगं बिघडतात, रोलर बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडतात. थोड्याच दिवसांत खालून घरघर ऐकू येऊ लागते.

तेलाच्या डब्यावर लिहिलेली अक्षरं म्हणूनच वाचायला हवीत. हायपॉइडसाठी सहसा जीएल-5 दर्जाचं तेल लागतं. जीएल-4 मध्ये दाब सोसणारी ही संयुगं कमी असतात. मात्र जीएल-5 सरसकट गिअरबॉक्समध्ये ओतू नये. त्यातलं गंधक सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगा खाऊ शकतं. ‘90 नंबर’ म्हणजे इंजिन ऑइलच्या दुप्पट घट्ट, हाही गैरसमज आहे. गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी आहे. 90 ची घट्टता साधारण 40 ते 50 नंबरच्या इंजिन ऑइलएवढी असते. पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसचं तर आणखी निराळं: काहींना गिअर ऑइल लागतं, साखळीवर चालणाऱ्या अनेकांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल. इथे गाडीचं पुस्तक सांगेल तेच खरं.

तेल बदलताना गाडी थोडी फिरवून आणावी, म्हणजे कोमट तेल गाळासकट बाहेर येतं. गाडी सपाट जागी असावी. आधी वरचा फिलर नट उघडावा, मगच खालचा ड्रेन नट. तेल काढून टाकलं आणि गंजलेला फिलर नट जागचा हललाच नाही, तर गाडी तिथेच अडकते. ड्रेन नटच्या चुंबकावर करडी, मऊ पेस्ट असेल तर ती रोजची झीज. बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा निघाला, तर हौसिंग उघडावंच लागेल. तेल दुधाळ चहाच्या रंगाचं असेल, तर पाणी शिरलं आहे: पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब प्रकाश विखुरतात, म्हणून तो रंग. नवा वॉशर लावून, सहसा फिलरच्या खालच्या काठापर्यंत तेल भरावं. जास्त भरलं तर ते घुसळून फेसाळतं, तापतं आणि सीलमधून बाहेर पडतं. पुढचं डिफरन्शियल हमखास विसरलं जातं. तेही त्याच पाण्यातून गेलेलं असतं.

तेल बदलण्याचा किलोमीटरचा हिशोब कोरड्या रस्त्यासाठी ठीक आहे. ताडोब्याच्या वाटांवर धावणाऱ्या जिप्सी असोत की सह्याद्रीत भर पावसात जाणाऱ्या थार, खोल पाणी ओलांडलं की तेल तपासायचं, आणि दुधाळ दिसलं तर त्याच आठवड्यात बदलायचं. एक-दोन लिटर तेलाचा खर्च क्राऊन-पिनियनच्या नव्या जोडीपुढे काहीच नाही.

काढलेलं तेल भारतातल्या 2016 च्या कचरा व्यवस्थापन नियमांनुसार घातक कचरा आहे. ते डब्यात भरून अधिकृत संकलकाकडेच द्यावं. ज्या रानवाटांसाठी आपण ही गाडी घेतो, त्यांच्या मातीत ते ओतण्याचा अधिकार आपल्याला नाही.