जीवाणुखतांची परीक्षा : सोयाबीनच्या उदाहरणावरून काही विचार

वातावरणात नत्रवायूचे प्रमाण सुमारे ७८ टक्के असूनही वनस्पतींना तो प्रत्यक्ष उपयोगात आणता येत नाही. द्विदल वनस्पती मात्र आपल्या मुळांवरील गाठींच्या साहाय्याने हा नत्र मिळवितात, ही गोष्ट हेल्रीगेल व विल्फार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ मध्ये जाहीर केली. १८८८ मध्ये बायेरिंक यांनी गाठींतील जीवाणू वेगळे काढून वाढविले. आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आतच नोब्बे व हिल्टनर यांनी अशा जीवाणूंचे संवर्धन शेतीसाठी विक्रीस आणले. भारतात एन. व्ही. जोशी यांनी १९२० मध्ये या विषयाच्या अभ्यासास आरंभ केला. असे असूनही, एकाच वेष्टनातील जीवाणुखत एका शेतात गुणकारी ठरते व शेजारच्या शेतात निष्फळ ठरते, हा अनुभव आजही येतो. या विसंगतीचे कारण काय आणि संशोधकाने तिचा अर्थ कसा लावावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम या सहजीवनाचे स्वरूप पाहू. सोयाबीनच्या मुळांतून जेनिस्टीन, डेडझीन यांसारखी द्रव्ये पाझरतात. ब्रॅडीरायझोबियम जापोनिकम हे जीवाणू ती ओळखतात व उत्तरादाखल स्वतःची संकेतद्रव्ये सोडतात. त्यामुळे मूलरोम वाकतो, त्यातून जीवाणू आत शिरतात व गाठ तयार होते. गाठीतील नायट्रोजनेज हे विकर नत्रवायूचे अमोनियात रूपांतर करते. नत्राच्या एका रेणूमागे एटीपीचे किमान १६ रेणू खर्ची पडतात. हे विकर प्राणवायूने निकामी होते. म्हणून गाठीतील लेगहिमोग्लोबिन हे रक्तवर्णी द्रव्य मोकळ्या प्राणवायूचे प्रमाण अत्यल्प राखते. गाठ कापली असता आतील भाग गुलाबी वा तांबडा दिसला तर ती कार्यक्षम समजावी. पांढरी वा हिरवट गाठ नुसती संख्येत भर घालते. तूर, मूग, चवळी यांच्या गाठींतील जीवाणू सोयाबीनवर सामान्यतः कार्यक्षम गाठी निर्माण करीत नाहीत, हेही ध्यानात ठेविले पाहिजे.

सोयाबीन हे मूळचे पूर्व आशियातील पीक. आज महाराष्ट्रात त्याखाली ४० लक्ष हेक्टरांहून अधिक क्षेत्र असले, तरी येथील जमिनींना त्याचे जीवाणू प्रारंभी अपरिचितच होते. ज्या जमिनीत सोयाबीन प्रथमच पेरले जाते, तेथे बीजप्रक्रियेचा परिणाम नजरेत भरतो. परंतु प्रक्रिया केलेले बियाणे काही हंगाम पेरल्यानंतर हे जीवाणू जमिनीत स्थायिक होतात. मग नव्याने दिलेल्या जीवाणूंना जुन्यांशी स्पर्धा करावी लागते.

ही स्पर्धा किती विषम असते, हे थोड्या गणिताने स्पष्ट होईल. खत नियंत्रण आदेशात २००६ मध्ये जीवाणुखतांचा समावेश झाला; त्यातील मानकाप्रमाणे रायझोबियमच्या भुकटीरूप खतात प्रतिग्रॅम किमान ५ कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. १० किलोग्रॅम बियाण्यास २५० ग्रॅम खत चोळले, तर एकूण १,२५० कोटी पेशी, म्हणजे दर दाण्यास सुमारे दीड लक्ष पेशी मिळतात. हेक्टरी ७५ किलोग्रॅम बियाणे धरल्यास ही संख्या सुमारे ९,४०० कोटी होते. आता हेक्टरभर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे २० लक्ष किलोग्रॅम धरू. त्यात प्रतिग्रॅम केवळ १,००० स्थानिक जीवाणू असले, तरी त्यांची संख्या २ लक्ष कोटी, म्हणजे आगंतुकांच्या वीसपटींहून अधिक भरते. बियाण्यावरील जीवाणू कोवळ्या मुळाच्या अगदी निकट असतात, हा त्यांचा फायदा खरा. पण मुळे पसरू लागली की तो ओसरतो. निम्म्या गाठी तरी दिलेल्या वाणाच्या व्हाव्यात असे वाटत असेल, तर त्याचे प्रमाण जमिनीतील संख्येच्या किमान सहस्रपट असावे लागते, असे वीव्हर व फ्रेडरिक यांनी १९७४ मध्ये दाखविले. थीझ व त्यांच्या सहकाऱ्यांच्या हवाई बेटांवरील प्रयोगांत (१९९१) तर मातीत प्रतिग्रॅम ५० जीवाणू असणेही उत्पन्नातील वाढ नाहीशी होण्यास पुरेसे ठरले.

दुसरे कारण खुद्द खतात असते. जीवाणुखत हा सजीव माल आहे. उन्हात वा तापलेल्या गोदामात राहिल्याने पेशींची संख्या सहस्रांशावर आली, तर दाण्यास दीड लक्षांऐवजी दीडशेच पेशी मिळतील. वेष्टनावरील मजकूर मात्र तोच राहील.

यावरून प्रयोगाची आखणी कशी असावी हे ठरते. केवळ ‘प्रक्रिया केलेले’ व ‘न केलेले’ अशा दोन वाफ्यांची तुलना पुरेशी नाही. भरपूर नत्रखत दिलेला, परंतु जीवाणू न दिलेला तिसरा वाफा अवश्य हवा. स्फुरदादी अन्य पोषकद्रव्ये तिन्ही वाफ्यांस सारखी व पुरेशी द्यावीत, आणि प्रक्रिया न केलेले बियाणे आधी पेरावे, म्हणजे हातांवाटे व अवजारांवाटे जीवाणूंचा संसर्ग होणार नाही. पहिल्या दोन वाफ्यांत फरक नाही, पण तिसरा सरस ठरला, तर पीक नत्रासाठी उपाशी आहे आणि दिलेले जीवाणू अयशस्वी झाले आहेत. तिन्ही वाफे सारखेच आले, तर नत्राची उणीवच नाही : एक तर स्थानिक जीवाणू समर्थ आहेत, अथवा जमिनीत नत्र आधीच विपुल आहे. विपुल नत्रामुळे गाठी कमी होतात. म्हणून गाठींची पाहणी केल्यास या दोहोंतील भेद कळतो. पेरणीपूर्वी मातीतील व वेष्टनातील जीवाणूंची मोजणी करून ठेविली, तर अनुमानास भक्कम आधार मिळेल.

‘जीवाणुखताचा परिणाम दिसला नाही’ या एकाच वाक्यात अशा रीतीने निरनिराळे अर्थ दडलेले असतात. जेथे खताची गरजच नाही तेथे शेतकऱ्याने ते विकत घ्यावे काय, आणि जेथे गरज आहे तेथे निर्जीव वेष्टनावर विसंबून त्याने हंगाम गमवावा काय, हे दोन्ही प्रश्न त्या वाक्याच्या उलगड्यावर अवलंबून आहेत. तो उलगडा करून मगच शिफारस करणे, हे कृषिसंशोधकाचे कर्तव्य होय.