वडाचे वडपण जपणारी बोन्साय कला

नागपूरच्या पूर्वेकडील लकडगंज हा भाग लाकडाच्या व्यापारासाठी ओळखला जातो आणि तेथे सागाचे मोल त्याच्या सरळ, गाठी नसलेल्या खोडावरून ठरते. वड, पिंपळ, उंबर यांच्या मऊ व चिकाळ लाकडाला मात्र इमारतीच्या कामात फारशी मागणी नसते. तरीही व्यापाराच्या दृष्टीने दोष ठरणारे या झाडांचे गुण, म्हणजे फाकलेला बुंधा, एकमेकांत गुंतलेली मुळे आणि कापल्यावर पुन्हा फुटण्याची जिद्द, बोन्सायच्या कलेत सर्वांत मोठी संपत्ती ठरले आहेत.

बोन्साय म्हणजे उथळ कुंडीत, छाटणी, तारबंदी आणि मुळांची काटछाट यांच्या साहाय्याने झाडाचे लहान पण वयस्क दिसणारे रूप घडवणे. या कलेचा उगम चीनमध्ये झाला आणि जपानमध्ये तिला शिस्तबद्ध रूप मिळाले. तेथील आदर्श पाइन, जुनिपर आणि मेपल या थंड प्रदेशातील झाडांवरून ठरले. ज्या झाडांना हिवाळ्यातील दीर्घ विश्रांती लागते, ती विदर्भातील पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात रमत नाहीत, म्हणून भारतात ही कला रुजवायची असेल तर झाड इथलेच निवडणे आणि आकारही त्या झाडाच्या स्वभावातून घेणे आवश्यक होते.

महाराष्ट्रात या दिशेने मोठे काम मुंबईतील इंडो-जपानी असोसिएशनच्या बोन्साय अभ्यासगटाशी निगडित असलेल्या निकुंज व ज्योती पारेख या दांपत्याने केले. वडवर्गीय झाडांवर त्यांनी प्रदीर्घ प्रयोग केले आणि देशाबाहेरही प्रात्यक्षिके दिली. पुण्यात प्राजक्ता काळे यांनी २०१८ मध्ये भरवलेल्या ‘बोन्साय नमस्ते’ या मोठ्या प्रदर्शनाने ही कला सामान्य प्रेक्षकांसमोर आणली. याच काळाच्या आगेमागे इतरत्रही अशीच वाटचाल चालू होती: फ्लोरिडात जिम स्मिथ यांनी अनेक दशके फायकसची, म्हणजे वड-पिंपळाच्या प्रजातीची, बोन्साय घडवली, तर मोंटानासारख्या बर्फाळ राज्यात घरात दिव्यांच्या प्रकाशात ती वाढवणाऱ्या जेरी मिस्लिक यांचा या विषयावरील ग्रंथ २००४ मध्ये प्रकाशित झाला. तैवानमधील मिन श्वान लो यांनी फायकस मायक्रोकार्पाची भव्य रूपे साकारली; हे झाड म्हणजे आपल्याकडचा नांद्रूक, आणि रोपवाटिकांत फुगीर मुळांसह विकले जाणारे ‘जिनसेंग फायकस’ही त्याचेच रोप असते.

वडवर्गीय झाडे कुंडीत टिकतात याचे कारण त्यांच्या जन्मातच आहे. पक्षी व वटवाघळे यांच्या विष्ठेतून पडलेले बी भिंतीच्या भेगेत किंवा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजते, तेथे चिमूटभर मातीवर वर्षानुवर्षे तग धरते, आणि म्हणून मुळांना मिळणारी अपुरी जागा या झाडांना परकी नसते. एकमेकांना टेकलेली मुळे कालांतराने एकजीव होतात, त्यामुळे अनेक कोवळी रोपे एकत्र बांधून जाड बुंधा तयार करता येतो. जखमाही वेगाने भरून येतात, पण त्याच वेगामुळे खोडावरची तार वेळीच न काढल्यास ती सालीत रुतते.

वडाचे खरे वैशिष्ट्य मात्र पारंब्या होत. हावड्याच्या वनस्पती उद्यानातील महावटाचे मूळ खोड कुजल्याने १९२५ मध्ये काढून टाकावे लागले, तरी तो पारंब्यांच्या आधारावर आजही विस्तारत आहे. पारंबी जमिनीत रुजली की आकसून ताठ होते आणि जाड होत जाऊन खांबाचे काम करते. हवेत ओलावा असला तरच ती फुटते, म्हणून नागपुरात जून ते सप्टेंबर हा तिचा काळ असतो. इतर वेळी फांदीला ओले शेवाळ गुंडाळून आणि फुटलेले मूळ ओलसर मातीने भरलेल्या नळीतून खाली उतरवून ती मिळवता येते. विदर्भातील काळी माती पाणी धरून ठेवते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे कुंडीसाठी विटांचे तुकडे, मुरूम आणि पानमाती यांचे निचरा होणारे मिश्रण योग्य ठरते.

प्रत्येक जातीची मर्यादाही या अभ्यासातूनच कळते. सशक्त झाडाची पाने एकदा काढून टाकल्यास नवी पाने लहान येतात, परंतु फळांचा आकार घटत नाही, म्हणून खोडावरच फळे धरणाऱ्या उंबरासाठी मोठे बोन्साय शोभते. पिंपळाचे लांब देठ दाट शेंडा घडू देत नाहीत, तर नांद्रुकाची लहान पाने नवशिक्याला साथ देतात.

बोन्साय म्हणजे झाडावरचा अन्याय, हा आक्षेप उपासमारीने खुरटलेल्या झाडाबाबत खरा आहे. चांगल्या बोन्सायला मात्र खत, पाणी, ऊन आणि ठरावीक काळाने नवी माती नियमित मिळते. पाडायच्या भिंतीवरचे पिंपळाचे रोप त्यामुळे वाचू शकते, आणि वटपौर्णिमेला घरी पूजा करणाऱ्यांना फांदी तोडण्याऐवजी कुंडीतला जिवंत वड पुजता येतो. पाइनच्या आदर्शाचे अनुकरण न करता वडाला वडासारखेच घडवणाऱ्यांनी या कलेला भारतीय भूमीत स्वतःचा आधार दिला, आणि पुढे काम करणाऱ्यांसाठीही कुंडी हाती घेण्यापूर्वी गावातला जुना वड नीट निरखणे हाच पहिला धडा आहे.