शिकविणारे यंत्र आणि शिकविणारा माणूस

त्रेसष्टातून अठ्ठावीस गेले, किती उरले? तिसरीच्या वर्गात हे उदाहरण घातले आणि एका मुलाने पाटीवर ४५ लिहिले, तर उत्तर चुकले एवढे कोणीही सांगेल. का चुकले हे सांगणे मात्र तितके सोपे नाही. तिनातून आठ जात नाहीत हे पाहून त्या मुलाने उलट आठातून तीन वजा केले असतील. लहान अंक मोठ्यातून काढावयाचा, एवढेच त्याच्या मनाने घेतलेले असते. किंवा त्याने हातचा नीट घेतला, तेरातून आठ गेले पाच असे बरोबर म्हटले, आणि सहाचे पाच करावयाचे तेवढे विसरला. दोन्ही वाटांनी उत्तर एकच येते, ४५. पण पहिल्या मुलाला हातचा म्हणजे काय हेच उमगलेले नाही, आणि दुसऱ्याची केवळ एक पायरी निसटली आहे. पहिल्यासमोर काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवावे लागतील. दुसऱ्याला आणखी चार उदाहरणे पुरतील. शेजारचा तिसरा मुलगा तर 'त्रेसष्ट' ऐकून ३६ च लिहितो, कारण आपल्या भाषेत तीन आधी उच्चारले जातात आणि साठ मागून. त्याची वजाबाकी निर्दोष असते, आणि उत्तर येते आठ.

हे ओळखणारा शिक्षक आम्ही सर्वांनी केव्हा ना केव्हा पाहिलेला आहे. अडचण त्याच्या बुद्धीची नाही, घड्याळाची आहे. चाळीस मुलांचा वर्ग आणि चाळीस मिनिटांचा तास म्हटला की एका मुलाच्या वाट्याला एक मिनिट येते, आणि तेही फळ्यावर लिहिण्यात आणि गलबला थांबविण्यात वेळ गेला नाही असे धरले तर! मग शिक्षक मधल्या मुलाला धरून चालतो. पुढची मुले कंटाळतात, मागची गळतात. २०१८ च्या 'असर' ह्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीतल्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. बाकीची निम्मी मुलेही पाचवीच्याच वर्गात बसलेली होती, पाचवीचेच पुस्तक त्यांच्यापुढे उघडे होते.

मुलागणिक वळण घेणारे शिक्षणयंत्र ही आजच्या टॅबवाल्या पिढीची कल्पना आहे असा एक समज आढळतो. वस्तुतः ती शंभर वर्षांची जुनी आहे. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात सिडनी प्रेसी ह्या मानसशास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात एक पेटी तयार केली होती. तिला चार कळा होत्या. योग्य कळ दाबल्याखेरीज पुढचा प्रश्न येऊ नये अशी तिची योजना करता येत असे. पेटी फारशी खपली नाही. पुढे नोव्हेंबर १९५३ मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या शाळेत गणिताचा तास पाहावयास गेले. सर्व मुलांनी एकाच चालीने चालावे, आणि आपले उत्तर बरोबर की चूक हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळावे, ह्या दोन गोष्टी त्यांना खटकल्या. थोड्याच दिवसांत त्यांनी स्वतःचे यंत्र बनविले. धडा बारीक बारीक पायऱ्यांत तोडावा, चूक होऊच नये इतक्या त्या सोप्या असाव्यात, आणि प्रत्येक पायरीला तत्काळ शाबासकी मिळावी, असा त्यांचा मार्ग होता.

ह्याच सुमारास नॉर्मन क्राउडर ह्यांनी नेमका उलटा विचार मांडला, आणि आमच्या मते तो अधिक खोल होता. चूक टाळू नका, चुकीचा उपयोग करून घ्या, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या पुस्तकांची पाने क्रमाने वाचावयाचीच नसत. प्रश्नाखाली तीन-चार उत्तरे असत आणि प्रत्येक उत्तरापुढे निराळ्या पानाचा आकडा. बरोबर उत्तर निवडणारा पुढे जाई. चुकीचे निवडणाऱ्याला जे पान उघडावे लागे त्यावर त्याच चुकीचा उलगडा केलेला असे. आजची सारी शहाणी यंत्रे ह्या फांद्या फुटलेल्या पुस्तकाचीच नातवंडे आहेत.

संगणक आला तेव्हा फांद्यांची संख्या वाढविता आली. इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये 'प्लेटो' नावाची पद्धती सुरू झाली. १९६६ मध्ये स्टॅनफर्डचे पॅट्रिक सपीझ ह्यांनी असे भाकीत केले की, काही वर्षांतच लाखो मुलांना सिकंदराला ॲरिस्टॉटल लाभला तसा स्वतःचा गुरू लाभेल. साठ वर्षे होत आली. सिकंदर काही फार निघालेले दिसत नाहीत.

तरीही यंत्र आत काय करते हे समजून घेतल्यावाचून त्याला हसणे बरे नव्हे. समजा, हातच्याची वजाबाकी न शिकविता शंभर मुलांपैकी चाळिसांना येते असा पूर्वानुभव आहे. ज्यांना येते त्यांतील दहांत एखादा निष्काळजीपणाने चुकतो. ज्यांना येत नाही त्यांतील पाचांत एखादा पाच पर्यायांतून अंदाजाने बरोबर कळ दाबतो. आता एका अनोळखी मुलाने बरोबर उत्तर दिले. त्याला खरोखर येते हे कितपत मानावे? येणाऱ्या चाळिसांपैकी छत्तीस बरोबर सांगतील, न येणाऱ्या साठांपैकी बारा. म्हणजे बरोबर सांगणारे अठ्ठेचाळीस, त्यांतील खरे जाणते छत्तीस. यंत्राचा विश्वास चाळीस टक्क्यांवरून पंचाहत्तरांवर जातो. तेच उत्तर चुकले असते तर तो आठांच्या आसपास घसरला असता. प्रत्येक उत्तरागणिक हा हिशेब पुन्हा मांडावयाचा, मूल शिकत जाते म्हणून त्यात थोडी भर घालावयाची, आणि आकडा पंचाण्णवांवर गेला की पुढचा धडा उघडावयाचा. कार्नेगी मेलन विद्यापीठात कॉर्बेट आणि अँडरसन ह्यांनी १९९० नंतर ही रीत नीट बसविली. ह्यात जादू नाही. वाण्याच्या खतावणीसारखी मुलागणिक ठेवलेली ती एक खतावणी आहे, एवढेच की ती कधी थकत नाही.

प्रश्न निवडण्यातही हुशारी लागते. आमच्या पहिल्या उदाहरणात दोन निरनिराळ्या चुकांचे उत्तर एकच आले होते. त्याऐवजी चौसष्टातून सत्तावीस वजा करावयास सांगितले, तर मोठ्यातून लहान काढणारा ४३ लिहील, हातचा फेडावयास विसरणारा ४७. एका उदाहरणात दोघे वेगळे झाले! जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन ह्यांनी १९७८ मध्ये वजाबाकीतील अशा चुकांची मोठी सूचीच केली आणि तिच्यावर एक खेळ रचला. तो खेळ कोणासाठी होता? मुलांसाठी नव्हे, तर शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांसाठी. यंत्र चुकणाऱ्या मुलाचे सोंग घेई आणि भावी गुरुजींनी त्याची चूक हुडकावयाची. यंत्राचा हा उपयोग पुढे फार कोणाला सुचला नाही ह्याचे आम्हांला नवल वाटते.

आता अशा यंत्रांनी मुले शिकतात का? ह्या प्रश्नाला आपल्याच देशात चांगली उत्तरे मिळालेली आहेत. दिल्लीत 'माइंडस्पार्क' ह्या कार्यक्रमाची परीक्षा कार्तिक मुरलीधरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ६१९ मुले घेऊन चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले. एका गटाला शाळा सुटल्यावर केंद्रात येण्याची सोय मिळाली. साडेचार महिन्यांत ह्या गटाची गणितात आणि हिंदीत दुसऱ्या गटापेक्षा ठळक प्रगती झाली. सहावीतील सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होते, हेही ह्याच कामात दिसून आले. परंतु दोन गोष्टी सांगितल्यावाचून हे यश सांगू नये. एक, केंद्रातील दीड तासांपैकी पाऊण तासच मुले यंत्रापुढे बसत. उरलेला पाऊण तास एक शिकविणारा माणूस लहान गटाला घेऊन बसे. दुसरी, शाळेतल्या इयत्तेच्या गणिताच्या परीक्षेत ही प्रगती फारशी उमटली नाही. ह्यात आश्चर्य नाही. तिसरीच्या पायरीवरचे मूल पाचवीच्या पायरीवर आले, तरी आठवीच्या प्रश्नपत्रिकेला ते कोठे दिसणार?

ह्याहून महत्त्वाचा धडा गुजरातेतला आहे. ली लिंडन ह्यांनी २००८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात एकाच स्वयंसेवी संस्थेच्या शाळांत, एकाच प्रकारचे गणिताचे यंत्र दोन रीतींनी वापरून पाहिले होते. जेथे शाळेच्या वेळेबाहेर मुले त्यावर सराव करीत, तेथे गुण वाढले. जेथे शिक्षकाचा तास काढून घेऊन तो यंत्राला दिला, तेथे गुण घटले, आणि घटले तेही थोडेथोडके नव्हेत. यंत्र तेच, मुले त्याच वर्गातली. फरक एवढाच की, एका ठिकाणी ते शिक्षकाच्या जोडीला बसले आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्या खुर्चीत.

आपल्याकडे खेड्यापाड्यांत पहिली ते चौथी मिळून दोन शिक्षक असलेल्या शाळा पुष्कळ आहेत. अशा शाळेला उद्या दहा टॅब मिळाले आणि त्याच कागदावर 'म्हणून एक शिक्षक पुरे' असे कोणी लिहिले, तर गुजरातचा तो निकाल गावकऱ्यांनी पुढे ठेवावा.

उलट पक्षी, यंत्र नकोच म्हणणाऱ्या सज्जनांशीही आमचे जमत नाही. मागच्या बाकावरचे मूल तीन वर्षे कोणाच्या नजरेस पडत नाही, हे यंत्रावाचूनच घडत आलेले आहे. खरी युक्ती यंत्रात नाही, मूल जेथे आहे तेथून आरंभ करण्यात आहे, हे आपल्याकडे यंत्राआधीच काहींनी ओळखले होते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९५ पासून काम करणाऱ्या 'प्रथम'ने पुढे मुले इयत्तेप्रमाणे नव्हे तर वाचता येते तेथपासून गट करून बसविली, आणि वस्तीतल्याच मुलींना 'बालसखी' म्हणून शिकवावयास घेतले. त्याच्याही पुष्कळ आधी, १९४५ मध्ये बोर्डीस आणि नंतर कोसबाडास, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी काय केले? आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. मोठी मुले गुरांमागे जातात म्हणून कुरणातच शाळा भरविली. इतके पुरते वळण घेणारे यंत्र अजून निघावयाचे आहे.

मग शिक्षकाकडे उरते काय? आमच्या मते अवघड तेवढे सगळे त्याच्याकडे उरते. यंत्राला उत्तर दिसते, उत्तराला लागलेला वेळ दिसतो, किती वेळा मदत मागितली ते दिसते. मूल उपाशी आहे, त्याला फळ्यावरचे दिसत नाही, घरी काल भांडण झाले, हे दिसत नाही. शिवाय मुले लबाड असतात, आणि असावीत. मदतीची कळ लागोपाठ दाबत गेले की शेवटी यंत्र उत्तरच सांगून टाकते, हे शोधावयास कोणत्याही मुलाला आठवडा लागत नाही. ही खोड संशोधकांनी २००० नंतरच्या दशकात मोजूनही पाहिली आहे. पाठीमागे उभी असलेली बाई ती एका दृष्टिक्षेपात ओळखते. आणि भाषेचे काय? इंग्रजी मुलांच्या चुकांवर बेतलेल्या यंत्राच्या सूचीत त्रेसष्टाचे छत्तीस कोठून असणार? २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' असे संख्यावाचन जोडीला दिले तेव्हा केवढा गदारोळ उठला होता. तो वाद बाजूला ठेवला, तरी त्यामागची अडचण खरी होती, आणि ती वर्गात उभे राहणाऱ्यांना ठाऊक होती.

आता बोलणारी यंत्रेही आली आहेत. लिहून विचारा, ती लिहून उत्तर देतात. तुर्कस्तानातील एका हायस्कुलात सुमारे हजार विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. साधे बोलके यंत्र हाती असता मुलांनी सरावाची गणिते भराभर सोडविली, पण ते काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ती यंत्र कधी न वापरलेल्या मुलांच्याही मागे पडली. दुसऱ्या एका गटाच्या यंत्रात शिक्षकांनी आधी सूचना भरून ठेवल्या होत्या: उत्तर सांगू नको, ह्या ठिकाणी मुले अशी चुकतात, तेव्हा असा इशारा दे. त्या गटाचे असे नुकसान झाले नाही.

ह्याला वेळ मात्र द्यावा लागतो. अमेरिकेत सात राज्यांतील सुमारे दीडशे शाळांत कार्नेगी मेलनच्या त्या बीजगणिताच्या यंत्राची परीक्षा झाली आणि ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या वर्षी काहीच लाभ दिसला नाही. दुसऱ्या वर्षी हायस्कुलांतून तो स्पष्ट दिसला. पहिले वर्ष शाळांना त्या यंत्राशी जुळवून घेण्यातच गेले असावे असे आम्हांला वाटते. यंत्र सकाळी अहवाल देते की अकरा मुले हातच्यापाशी अडली आहेत. त्या अकरांना घोंगडीवर गोलात बसवून काड्यांचे गठ्ठे सोडावयाचे, तोवर बाकीच्या एकोणतीस जणांना टॅबवर सोडावयाचे, आणि त्यांतील कोण नुसती कळ दाबीत बसला आहे इकडे एक डोळा ठेवावयाचा. असा तास घ्यावयास कोणत्याही गुरुजींना एक वर्ष लागले, तर पालकांनी आणि शाळेच्या चालकांनी तेवढे वर्ष त्यांना द्यावे.