थंड गाडीची पाटी

नाशिकची द्राक्षं थंड गाडीतून न्हावाशेवा बंदराला जातात. गाडीच्या पेटीला पुढच्या बाजूला थंडीचं यंत्र असतं. त्याच्या पाटीवर बटणं असतात, आकडे असतात. आज आपण ती पाटी वाचू.

पाटीवर दोन आकडे महत्त्वाचे. एक आपण ठरवून दिलेला. दुसरा पेटीतल्या हवेचा. द्राक्षांना शून्य ते १ अंश थंडी ठेवतात. बाणाच्या बटणाने आकडा वर-खाली होतो. मग तो पक्का करायचं बटण दाबायचं. ते राहिलं, तर पुष्कळ यंत्रांत जुनाच आकडा कायम राहतो.

आता नीट बघा. आकड्याच्या आधी लहानशी आडवी रेघ आहे का? ती उणेची खूण. आइस्क्रीमला उणे १८ लागतं. मागची खेप आइस्क्रीमची असेल आणि तोच आकडा राहिला, तर द्राक्षं गोठतील. गोठलेल्या मण्याला पुढे पाणी सुटतं. असा माल कोण घेईल?

यंत्र मधूनच थंडी थांबवतं आणि नळ्यांवरचा बर्फ वितळवतं. तेव्हा हवेचा आकडा थोडा चढतो. घाबरून बटणं दाबू नका. तो आपोआप उतरतो.

आणि उन्हातून आणलेली द्राक्षं तशीच भरू नका. थंड माल थंड ठेवणं, एवढंच या यंत्राचं काम. माल गार करायचा तो आधी शीतगृहात.