पडद्याआडचें काम आणि त्याची वार्ता

दळणाचा डबा गिरणीवर ठेवून आपण घरीं परततों. डब्यावर नांव असतें, रांगेंत त्याचा क्रम लागतो, आणि तासाभरानें कोणीतरी जाऊन पीठ घेऊन येतें. महाजालावरील मोठालीं कामेंहि आज बहुधा ह्याच रीतीनें होतात. मात्र गिरणींतली रांग डोळ्यांना दिसते. यंत्राची दिसत नाहीं. ती दिसावी कशी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम अशा रांगेची गरज कां पडते तें पाहूं. जेकब नील्सन ह्यांनीं १९९३ सालच्या आपल्या ग्रंथांत प्रतीक्षेच्या तीन मर्यादा सांगितल्या आहेत. उत्तर ०.१ सेकंदांत आलें, तर तें तत्क्षणीं आलें असें वाटतें. १ सेकंदापर्यंत विचाराचा ओघ तुटत नाहीं. १० सेकंदांपलीकडे लक्ष उडतें. पण यूट्यूबवर एखादें चलच्चित्र चढविलें, तर त्याचीं निरनिराळ्या स्पष्टतेचीं रूपें तयार होण्यास पुष्कळ वेळ लागतो. प्रथम कमी स्पष्ट रूप तयार होतें, अधिक स्पष्ट रूपें मागाहून येतात. तोंवर ब्राउझरला ताटकळत ठेवणें शक्य नसतें. म्हणून सर्व्हर मागणी नोंदवून घेतो, तिला एक क्रमांक देतो, आणि प्रत्यक्ष काम ‘वर्कर’ नांवाच्या निराळ्या कार्यक्रमाकडे सोंपवितो. एचटीटीपी ह्या नियमावलींत अशा प्रसंगासाठीं २०२ हा संकेतांक आहे. त्याचा अर्थ ‘मागणी स्वीकारली’ एवढाच; ‘काम पुरें झालें’ असा नव्हे.

आतां कामाची वार्ता मिळवावी कशी? मुख्य मार्ग दोन. ब्राउझरनें दर कांहीं सेकंदांनीं तो क्रमांक सांगून विचारावें, ‘झालें काय?’ हा मार्ग सोपा. पण विचारणारे हजारों झाले, कीं उत्तरें देण्यांतच सर्व्हरची बरीच शक्ति खर्च होते. दुसरा मार्ग असा कीं, जोडणी उघडी ठेवावी आणि सर्व्हरनेंच आपण होऊन वर्दी द्यावी. २०११ सालीं प्रमाणित झालेली वेबसॉकेटची योजना ह्या कामीं येते. परंतु मार्ग कोणताहि असो, १००० पत्रकांपैकीं ४०० तयार झालीं, ही नोंद वर्करनें स्वतः करून ठेविली नसेल, तर सांगावयाचें काय?

येथेंच एक फसवी जागा आहे. पायथन भाषेंतील कार्यक्रमांसाठीं सेलरी नांवाचें साधन पुष्कळ वापरलें जातें. कामाची स्थिति तें ‘पेंडिंग’, ‘स्टार्टेड’, ‘सक्सेस’, ‘फेल्युअर’ अशा शब्दांनीं सांगतें. ‘पेंडिंग’ म्हणजे काम रांगेंत आहे, असें कोणीहि समजेल. परंतु सेलरीला ठाऊकच नसलेला क्रमांक विचारला, तरीहि उत्तर ‘पेंडिंग’ असेंच येतें! मागणी वाटेंत हरवली असो, क्रमांक चुकला असो, वा निकालाची नोंद मुदत संपून पुसली गेली असो, उत्तर एकच. ही मुदत मूळ मांडणींत १ दिवसाची असते. शिवाय ‘स्टार्टेड’ ही स्थिति मुद्दाम मागितल्याखेरीज नोंदलीच जात नाहीं. त्यामुळें चालूं असलेलें कामहि ‘पेंडिंग’च दिसतें.

ह्याचा परिणाम काय होतो? वाट पाहून कंटाळलेला मनुष्य पुन्हां तेंच बटण दाबतो. काम पत्रक छापण्याचें असेल, तर एक प्रत जास्त निघेल इतकेंच. तें पैसे पाठविण्याचें असेल, तर रक्कम दोनदां जाण्याचा धोका आहे. म्हणून जाणते कार्यक्रमकार तीन गोष्टी पाळतात. काम स्वीकारल्याची, सुरू झाल्याची व संपल्याची वेळ ते आपल्या स्वतःच्या वहींत, म्हणजे डेटाबेसमध्यें, लिहितात. चालूं कामाकडून ठराविक अंतरानें ‘मी आहें’ अशी खूण घेतात. ती थांबली, कीं काम बंद पडल्याचा संशय धरून चौकशी करतात. आणि एकाच मागणीचा क्रमांक दोनदां आला, तर काम एकदांच होईल अशी तजवीज ठेवतात.

राहिला प्रश्न पडद्यावरील पट्टीचा. ब्रॅड मायर्स ह्यांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, काम किती टक्के झालें हें दाखविणारी पट्टी लोकांना हवीशी वाटते, असें दाखविलें. पण टक्केवारीसाठीं एकूण काम किती हें माहीत असावें लागतें. तें ठाऊक नसतां काढलेली पट्टी झपाट्यानें ९९ पर्यंत धांवते आणि तेथेंच रुतून बसते. अशा वेळीं ‘आतांपर्यंत ४०० झालीं’ असें साधें वाक्य लिहिणें अधिक प्रामाणिकपणाचें. आणि काम फसलें असेल, तर तें फसलें, असें स्पष्ट सांगावें. म्हणजे पुन्हां मागणी करावी कीं थांबावें, ह्याचा निर्णय ज्याचें काम आहे त्याला घेतां येईल.