पाहुण्यांना बडोदे दाखवताना

सुट्ट्या लागल्या की पुण्या-मुंबईहून आपल्याकडे पाहुणे येतात. आपण त्यांना राजवाडा दाखवतो, लिलो चेवडा बांधून देतो आणि गाडीत बसवतो. गायकवाडांच्या या राजधानीला निदान दोन दिवस द्यायला हवेत, आणि सोबत आपली मुलेही हवीत, असे आम्हांला वाटते.

पहिल्या दिवशी सकाळी जुन्या शहरात रावपुऱ्याकडे तांबेकर वाडा पाहावा. भाऊ तांबेकर हे बडोद्याचे दिवाण. त्यांच्या या लाकडी वाड्याच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली देवादिकांची आणि कृष्णचरित्राची चित्रे आहेत. ती नाजूक आहेत. मुलांना हात लावू देऊ नये. तिथून सुरसागर तलाव आणि १८९६ची न्यायमंदिराची इमारत जवळच आहे.

दुपारी लक्ष्मीविलास राजवाडा. मेजर मँट यांनी आराखडा केला, त्यांच्या मृत्यूनंतर चिझम यांनी काम पुरे केले आणि १८९०मध्ये राजवाडा उभा राहिला. आवारातले फत्तेसिंह संग्रहालय मात्र चुकवू नये. राजा रविवर्मा यांची चित्रे तिथे आहेत. त्यांच्या पौराणिक नायिका पुष्कळदा आपल्या नऊवारीत दिसतात, हे आजीने नातीला दाखवावे. सोमवार टाळावा आणि वेळा आधी विचारून घ्याव्यात.

दुसरा दिवस विश्वामित्रीकाठचा. कीर्तिमंदिर हे गायकवाड घराण्याचे स्मारक. आत नंदलाल बोस यांनी रंगवलेली भित्तिचित्रे आहेत. गंगावतरणासमोर थोडे थांबावे. जवळच सयाजीबाग, म्हणजे आपली कमाटी बाग. तिथल्या संग्रहालयातली ममी आणि देवमाशाचा सांगाडा मुलांना आवडतोच. आकोट्याला सापडलेल्या जैन कांस्यमूर्तीही पाहाव्यात.

बागेतून बाहेर पडण्यापूर्वी संकल्पभूमीवर जावे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३मध्ये अमेरिकेत शिकायला गेले. १९१७मध्ये ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा जातीमुळे त्यांना या शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले, तिथूनही त्यांना हुसकावण्यात आले. पुढे ते याच बागेत झाडाखाली बसले होते.

ही गोष्ट सांगताना आपण सहसा शिष्यवृत्तीपाशी थांबतो. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आलेल्या मुलाने १९०६मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, याचा अभिमान आपल्याला आहे आणि असावा. पण राजाने कायदा केला म्हणून घरांची दारे उघडली नाहीत. राजवाडा राजाचा होता, दारे मात्र गावकऱ्यांची होती, आणि त्या गावकऱ्यांत आपले पणजोबाही होते. मुलांना दोन्ही सांगावे. ती विचारतील, 'मग आपल्या घरी त्यांना जागा मिळाली असती का?' घाईने उत्तर देऊ नये. बागेत बाके पुष्कळ आहेत, बसून बोलावे.

चेवडा परतताना घ्यावाच.